परभाषेसाठी एक वर्ष : नोकरदार अभ्यासकांसाठी काही विचार

आपल्या समाजातील सुशिक्षित तरुण-तरुणींकडून अलीकडे एक प्रश्न वारंवार विचारला जातो. पालीच्या अभ्यासासाठी श्रीलंकेला, जपानी शिकण्यासाठी जपानला किंवा जर्मनसाठी जर्मनीला वर्षभर जावे अशी इच्छा आहे. पण त्यासाठी हातची नोकरी बाजूला ठेवावी काय? विचारणारे बहुधा बँकेत, रेल्वेत, विमा कार्यालयात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत काम करणारे असतात. घरात नियमित पगार आणणारी ही पहिली, फार तर दुसरी पिढी. त्याच पगारावर घराचा हप्ता, धाकट्या भावंडांची फी आणि आईवडिलांची औषधे चालतात. ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची शिल्लक आहे त्यांनी वर्षभर पगार सोडणे आणि आपल्यापैकी कोणी सोडणे, या दोन गोष्टी सारख्या नव्हेत. म्हणून “ज्ञान कधीही वाया जात नाही” एवढे सांगून हा प्रश्न आम्हाला मिटवता येत नाही.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. असे वर्ष जरूर काढावे. परंतु भाषेचा पाया येथेच घालून, शक्यतो राजीनामा न देता रजेवर, आणि परत आल्यावर त्या भाषेचे काय करायचे हे निघण्यापूर्वी ठरवून. यांपैकी एकही गोष्ट नसेल तर ते वर्ष बहुधा प्रवासाच्या आठवणींपुरतेच उरते.

या बाबतीत धर्मानंद कोसंबी यांचे उदाहरण आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. पण त्याचा एक भाग सहसा लक्षात घेतला जात नाही. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंदजींचे शालेय शिक्षण बेताचे होते. घरची नारळाची बाग आणि प्रपंच सांभाळीत असताना एका मराठी बालमासिकातून त्यांना बुद्धाची ओळख झाली. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मात्र ते उठून थेट सिंहलद्वीपाला गेले नाहीत. प्रथम पुण्यास आले, तेथून काशीला गेले, अन्नछत्रात जेवून संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला. नेपाळ, बुद्धगया, कलकत्ता असे करीत १९०२ साली ते कोलंबोला पोचले, तेव्हा संस्कृताची भक्कम शिदोरी त्यांच्यापाशी होती. हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या विद्योदय परिवेणात त्यांनी पालीचे अध्ययन केले आणि श्रामणेर दीक्षाही घेतली. परिवेण म्हणजे भिक्खूंचे विद्यालय. पुढे ते ब्रह्मदेशातही राहिले.

आधीची दोन-तीन वर्षे पुणे-काशीत घातली नसती, तर कोलंबोतील थोडक्या काळात एवढे काम झाले नसते असे आम्हाला वाटते. परदेशातील वर्ष हे भाषा सुरू करण्याचे वर्ष नव्हे. जे येथे सुरू केले ते तेथे पक्के करण्याचे ते वर्ष आहे.

धर्मानंदजींच्या चरित्रातील दुसरा प्रसंग नोकरदारांनी मुद्दाम लक्षात ठेवावा. १९०६ पासून ते कलकत्त्यात होते. नॅशनल कॉलेजात आणि नंतर विद्यापीठात पाली शिकवीत होते. तेव्हा बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कळवले की, महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहून काम करणार असाल तर दरमहा ५० रुपये मिळतील. अट एवढीच की वर्षाकाठी एक ग्रंथ लिहून द्यावा. धर्मानंदजींनी विद्यापीठाची अधिक पगाराची जागा सोडून हे ५० रुपये पत्करले. जी विद्या सिंहलद्वीपातून आणली ती मराठी माणसांपर्यंत पोचावी, हा त्यामागचा हेतू होता. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० साली आले. त्याच वर्षी ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनासाठी गेले, १९१२ मध्ये परतले आणि पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले. त्या वर्गातून पु. वि. बापट, ना. के. भागवत यांच्यासारखे पालीचे अध्यापक तयार झाले.

बापटांचे उदाहरण तर आपल्या विषयाला अगदी लागू पडते. फर्ग्युसन महाविद्यालयाशी निगडित असलेले हे पालीचे अभ्यासक हार्वर्डला गेले. ‘विमुत्तिमग्ग’ या प्राचीन ग्रंथाचा अभ्यास हे त्यांचे उद्दिष्ट होते आणि तो संपूर्ण ग्रंथ शिल्लक आहे तो चिनी अनुवादात. म्हणून त्यांना चिनी भाषेकडे वळावे लागले. ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना करणारा त्यांचा ग्रंथ १९३७ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. भाषा कशासाठी हवी हे जेव्हा इतके स्पष्ट असते, तेव्हा शिकणारा वेळ कमी घालवतो.

आता या चित्राची दुसरी बाजूही पाहू, कारण ती बहुतेक गौरवलेखांत गाळली जाते. धर्मानंदजींनी घर सोडले तेव्हा पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक मागे राहिल्या. पुन्हा घर लागायला सहाएक वर्षे गेली. पुढेही अमेरिकेचे एकाहून अधिक प्रवास झाले. १९१८ मध्ये माणिक आणि दामोदर या मुलांना ते बरोबर घेऊन गेले. बाळाबाई धाकट्या मुलींसह येथेच राहिल्या. दामोदर धर्मानंद कोसंबी पुढे थोर गणिती आणि इतिहासकार झाले, हे खरे. परंतु त्या सर्व अध्ययनाची किंमत ज्यांनी घरी राहून मोजली त्या बाळाबाईंचे नाव किती जणांना ठाऊक आहे? आजचा नोकरदार वर्षभरासाठी निघतो, तेव्हाही कोणीतरी घरी राहून रेशन, दवाखाना, मुलांचा अभ्यास हे सगळे एकहाती पाहणार असते. त्या व्यक्तीची संमती ही रजेच्या अर्जाइतकीच आवश्यक आहे. आमच्या मते त्याहून आधीची. विवाहित भगिनींना तर उलट अनुभव येतो. पती परदेशी शिकायला निघाला की कौतुक होते, पत्नी निघाली की “मुलांचे कोण पाहणार?” हा प्रश्न पहिल्याच वाक्यात येतो. मुलांचे पाहणे हे दोघांचेही काम आहे, एवढे तरी आपल्या घरांतून मान्य व्हायला हवे.

परमपूज्य बाबासाहेबांच्या आयुष्याकडे पाहिले तर नोकरी आणि अध्ययन यांचा मेळ त्यांनी कसा घातला हे दिसते. १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाताना शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. त्या नोकरीत पुढे काय वाट्याला आले ते सर्वश्रुत आहे. लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी त्यांनी १९१८ ते १९२० या काळात मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पगारातून बचत केली, त्यात शाहू महाराजांच्या साहाय्याची आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेल्या कर्जाची भर घातली आणि १९२० मध्ये ती नोकरी सोडून ते लंडनला गेले. जर्मनीतील बॉन विद्यापीठातही अभ्यास करण्याचा त्यांचा विचार होता. १९२१ साली त्या विद्यापीठाला त्यांनी जे पत्र पाठवले ते जर्मन भाषेतच लिहिलेले होते. जर्मनचे प्राथमिक धडे त्यांनी कोलंबिया विद्यापीठात असतानाच घेतले होते. येथेही क्रम तोच : भाषेचा पाया आधी, तो देश नंतर.

आणि पालीचे म्हणाल तर बाबासाहेब त्यासाठी वर्षभर परदेशी जाऊन राहिले नाहीत. त्यांनी सिद्ध केलेले पाली व्याकरण आणि पाली शब्दकोश महाराष्ट्र शासनाने १९९८ साली त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या सोळाव्या खंडात प्रसिद्ध केले. कामाच्या रगाड्यात, घरच्या ग्रंथसंग्रहाच्या आधारे केलेले हे काम आहे. तेव्हा “परदेशी गेल्याशिवाय पाली येत नाही” असे म्हणणाऱ्यांनी तो खंड एकदा उघडून पाहावा.

मग पालीसाठी श्रीलंकेला जायचेच कशाला? येथे एक गोष्ट स्पष्ट करणे जरूर आहे, कारण अनेकांचा गैरसमज असतो. पाली आज कोणत्याही देशात बाजारात, बसमध्ये किंवा घरात बोलली जात नाही. तिला स्वतःची अशी लिपीही नाही. श्रीलंकेत ती सिंहली लिपीत, म्यानमारमध्ये बर्मी लिपीत, थायलंडमध्ये थाई लिपीत आणि आपल्याकडे देवनागरीत लिहिली जाते. श्रीलंकेला गेल्यावर कानावर पडते ती सिंहली. पाली तेथे सिंहलीतून किंवा इंग्रजीतून शिकवली जाते. म्हणून जो केवळ पालीच्या पदवीसाठी जाऊ इच्छितो, त्याला आम्ही सांगू की मुंबई, पुणे, नागपूर येथील विद्यापीठांत पालीची सोय आहे आणि बिहारमध्ये नव नालंदा महाविहार आहे; ते आधी पाहावे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने मराठीबरोबरच पालीलाही अभिजात भाषेचा दर्जा दिला आहे. परंतु ज्याला पालीचा जिवंत वापर ऐकायचा आहे, पोयेच्या म्हणजे पौर्णिमेच्या दिवशी विहारात म्हटले जाणारे परित्राण, भिक्खूंची देसना, अट्ठकथा शिकवण्याची तेथील परंपरा समजून घ्यायची आहे, त्याने श्रीलंकेला जावे. मात्र त्याने सिंहली शिकलीच पाहिजे.

राहुल सांकृत्यायन १९२७-२८ मध्ये केलनियाच्या विद्यालंकार परिवेणात राहिले ते तेथील भिक्खूंना संस्कृत शिकवीत आणि स्वतः पाली शिकत. विद्येच्या बदल्यात विद्या, हा व्यवहार आजही होऊ शकतो. विद्योदय आणि विद्यालंकार या दोन्ही परिवेणांना १९५९ साली विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज ती श्री जयवर्धनेपुर विद्यापीठ आणि केलनिया विद्यापीठ या नावांनी चालतात. केलनियाशी संलग्न असलेल्या कोलंबोच्या पाली व बौद्ध अध्ययनाच्या पदव्युत्तर संस्थेत इंग्रजी माध्यमातूनही शिकता येते.

मराठी माणसाला पालीचा पाया घरी घालणे अवघड नाही, हे दाखवण्यासाठी एक लहानसा पाठ येथे देतो. पालीतील हत्थ, कण्ण, कम्म, अज्ज, सत्त, अट्ठ, दुद्ध हे शब्द मोठ्याने वाचावेत. हात, कान, काम, आज, सात, आठ, दूध हे आपले शब्द लगेच ओळखू येतात. नियमही सोपा आहे : पालीत जेथे जोडाक्षर आहे तेथे मराठीने एकच व्यंजन ठेवले आणि आधीचा स्वर लांबवला. हा नियम लावून सुत्त, पुत्त, भत्त या शब्दांपासून सूत, पूत, भात हे शब्द वाचकांनी स्वतः काढून पाहावेत. ‘सुत्त’ शब्दाला येथे दोन अर्थ भेटतील. धागा हा एक आणि बुद्धवचनाचे सूत्र हा दुसरा. मात्र ओळखीच्या शब्दांमुळे फसगतही होते. विभक्ती आणि क्रियापदांची रूपे पाठ केल्याशिवाय वाक्य उलगडत नाही. सिंहलीतही ओळखीचे शब्द पुष्कळ भेटतात, पण तेथे बोलण्याची भाषा आणि लिहिण्याची भाषा यांत मोठे अंतर आहे. पुस्तकातली सिंहली घेऊन भाजी आणायला गेल्यास दुकानदार हसतो, आणि बाजारातली सिंहली घेऊन ग्रंथ उघडल्यास पहिले पान ओलांडवत नाही.

आता रजेचा विषय. याची माहिती आपल्या लोकांना फार कमी असते, “सरकारी नोकरीला लाथ मारतोस काय?” असे घरचे म्हणाले की मुलगा गप्प बसतो. केंद्र शासनाच्या १९७२ च्या रजा नियमांत अध्ययन रजेची तरतूद आहे. किमान पाच वर्षे सेवा झालेली असावी लागते. ही रजा साधारणपणे एका वेळी १२ महिने आणि संपूर्ण सेवेत २४ महिने मिळू शकते. अभ्यासाचा आपल्या कामाशी प्रत्यक्ष आणि निकटचा संबंध असावा अशी मुख्य अपेक्षा असते. तथापि कर्मचाऱ्याची दृष्टी व्यापक करून त्याची कार्यक्षमता वाढवणाऱ्या अभ्यासाचाही त्या नियमांत विचार केलेला आहे. अर्ज लिहिताना याच कलमाकडे लक्ष द्यावे. अडचण दुसरीकडे आहे. ज्या विषयाच्या अभ्यासाची पुरेशी सोय भारतात आहे, त्यासाठी परदेशी जाण्यास ही रजा देऊ नये असाही नियम आहे. म्हणजे “पाली शिकायला श्रीलंकेला जातो” एवढेच लिहिलेला अर्ज परत येण्याची शक्यता अधिक. सिंहली भाषा, तेथील हस्तलिखिते, तेथील अध्यापनपद्धती असे जे येथे मिळत नाही ते अर्जात नेमके मांडले पाहिजे. परत आल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचे बंधपत्र द्यावे लागते आणि ते मोडल्यास पैसे भरावे लागतात. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांनी १९८१ चे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम पाहावेत. अध्ययन रजा मिळाली नाही तर शिल्लक अर्जित रजा आणि तिला जोडून असाधारण रजा हा मार्ग उरतो. असाधारण रजा बिनपगारी असते आणि तिच्यामुळे वेतनवाढीची तारीख पुढे जाऊ शकते, हे धरून चालावे. कार्यालयातील जुन्या आस्थापना लिपिकाला या गोष्टी बरोबर ठाऊक असतात. त्यांच्याशी आधी बोलावे, साहेबांशी नंतर.

खाजगी नोकरीत मात्र असा हक्क क्वचितच असतो. तेथे बिनपगारी रजेचे पत्र लेखी मिळत असेल तरच जावे. “परत ये, जागा ठेवतो” या तोंडी शब्दावर घर चालत नाही.

जपान आणि जर्मनीविषयी थोडे. या दोन्ही भाषा पुण्या-मुंबईत चांगल्या शिकता येतात. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विद्यापीठाचे वर्ग आणि मॅक्सम्युलर भवन यांची नावे विद्यार्थ्यांना माहीत आहेतच. जपानी भाषेची प्रावीण्य परीक्षा पाच पातळ्यांची असून एन-५ ही सर्वांत सोपी, एन-१ सर्वांत कठीण. निदान एन-४ येथे उत्तीर्ण होऊन मगच तिकडे निघावे. जपानी लिपीतील नित्य वापराच्या चित्राक्षरांची अधिकृत यादीच २,१३६ अक्षरांची आहे. त्यांतली पहिली काही शे अक्षरे गिरवण्यासाठी टोकियोचे घरभाडे भरण्यात काय अर्थ आहे? तेथे विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तासांपर्यंत काम करता येते, यावर पुष्कळ जण हिशेब मांडतात. परंतु रात्री दुकानात उभे राहून सकाळी वर्गात पेंगणाऱ्याची भाषा पुढे सरकत नाही. कर्ज काढून दलालाला लाखो रुपये देऊन जाणाऱ्यांची स्थिती तर फारच वाईट होते. जर्मनीसाठी राहण्याचा वर्षभराचा खर्च आधीच विशिष्ट बँक खात्यात ठेवून दाखवावा लागतो. तेवढी रक्कम स्वतःची नसेल, तर पतपेढीचे कर्ज काढून ती दाखवू नये.

पैशाचा हिशेब अगदी साधा ठेवावा. घरचा वर्षाचा खर्च, चालू हप्ते आणि विम्याचे हप्ते, तिकडचा खर्च, आणि परत आल्यावर पहिला पगार हाती येईपर्यंतचे तीन महिने. एवढी रक्कम जमेपर्यंत निघू नये. याला दोन-तीन वर्षे लागली तरी चालतील. तेवढ्या वेळात रविवारचा वर्ग आणि रोज सकाळी एक तास असा भाषेचा पाया सहज होतो. भविष्य निर्वाह निधीला हात लावू नये. बहिणीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या पैशाला तर मुळीच लावू नये.

तेथे गेल्यावर जुन्या काळी जी अडचण नव्हती ती आज आहे. धर्मानंदजींना कोलंबोत मराठी ऐकायला कोण मिळणार होते? आज हातात मोबाइल आहे. सकाळी नागपूरच्या बातम्या, दुपारी घरी व्हिडिओवर बोलणे, रात्री मराठी मालिका, असे राहिल्यास माणूस वर्षभर कोलंबोत राहूनही नागपुरातच राहतो. घरी बोलण्याची वेळ ठरवून घ्यावी आणि बाकीचा दिवस त्या भाषेला द्यावा. आपल्याकडील चार जणांनी मिळून खोली घेण्यात स्वस्ताई आहे खरी, पण भाषेच्या दृष्टीने तीच सर्वांत महाग पडते.

परतल्यानंतरच्या कामाबद्दल संस्थांनीही काही करायला हवे. आपल्या संस्था विद्यार्थ्यांना वह्या वाटतात, गुणवंतांचा सत्कार करतात, उत्तम आहे. त्याच निधीतून दरवर्षी एका नोकरदार अभ्यासकाला बिनव्याजी रक्कम देता येईल. अट मात्र सयाजीरावांसारखी असावी. परत आल्यावर दोन वर्षे विहारात आठवड्यातून दोन संध्याकाळी वर्ग घ्यावा आणि त्या भाषेतील एक लहान ग्रंथ मराठीत आणावा. रक्कम फेडीपेक्षा या अटीकडे कार्यकारिणीने अधिक कटाक्षाने पाहावे. श्रीलंकेतील शाळांसाठी सिंहलीत लिहिलेली बुद्धचरित्राची आणि जातककथांची छोटी पुस्तके कितीतरी आहेत. आपल्या मुलांसाठी तशी पुस्तके थेट सिंहलीतून मराठीत आणणारे हात फार थोडे आहेत. ज्यांनी सिंहलीसाठी वर्ष काढायचे ठरवले असेल त्यांनी अशी एक-दोन पुस्तके आधीच मागवून घ्यावीत, लिपी शिकताना तीच समोर ठेवावीत, आणि रजेच्या अर्जाला जोडायच्या कार्यक्रमात त्यांचे नाव लिहावे.